मंडळाच्या हॉलमध्ये भिंतीवर स्पीकर कुठे लावावेत? (इंदूर)

लोकमान्यनगरकर

नमस्कार मंडळी,

इंदूरला आमच्या वसाहतीत मंडळाचा एक हॉल आहे. स्टेज सोडून लांबी ५० फूट, रुंदी २८, उंची १२. स्टेज आखूड बाजूला, दीड फूट उंच. खाली कोटा फरशी, भिंतींना प्लॅस्टरवर ऑइलपेंट, वर सपाट स्लॅब. रस्त्याकडच्या लांब भिंतीला पाच खिडक्या, तिच्या समोरची भिंत कोरी, दार मागच्या भिंतीत. आठ पंखे. गणपतीचे दहा दिवस, चैत्रातलं कीर्तन, अधूनमधून व्याख्यान, बायकांचं भजन आणि हौजी हे इथले कार्यक्रम. माणसं चाळीसपासून शंभर-सव्वाशेपर्यंत. कधी खुर्च्या, कधी सतरंजी.

सध्या स्टेजच्या दोन बाजूंना स्टँडवर दोन मोठे डबे आहेत. पहिल्या रांगेतले म्हणतात, कान फुटतात. शेवटच्या रांगेतले म्हणतात, आवाज येतो पण शब्द येत नाहीत. मागच्या हौजीत 'एकोणसत्तर' पुकारलं, मागे ते 'एकोणऐंशी' ऐकू आलं आणि लाइन कुणाची यावरून जे रामायण झालं ते इथे लिहीत नाही.

आता एका सभासदांनी नव्या सिस्टिमसाठी देणगी दिली आहे. महाराणी रोडवरच्या एका दुकानदाराने बेत दिला आहे: चार कोपऱ्यांत चार मोठे स्पीकर, चौघांची तोंडं हॉलच्या मध्याकडे, वर ५०० वॅटचा अँप्लिफायर. कार्यकारिणीला पसंत आहे. मला काहीतरी खटकतंय, पण काय ते नीट मांडता येत नाही. रविवारी बैठक आहे. जाणकारांनी सांगावं.

छप्पन_दुकान

भिया, यात वाईट काय आहे? चार कोपरे, चार स्पीकर, आवाज सगळीकडे सारखा. आमच्या सोसायटीत असंच आहे. तक्रार नाही.

ग्वाल्हेरी_तार

छप्पनराव, तुमच्या सोसायटीत डीजे वाजतो की कुणी बोलतं? गाणं लावलं तर चार कोपरे चालून जातील, शब्द आधीच पाठ असतात. प्रश्न कीर्तनाचा आणि व्याख्यानाचा आहे.

मी ग्वाल्हेरला हेच काम करतो, लग्नाच्या मांडवापासून शाळेच्या सभागृहापर्यंत. कोपऱ्यांच्या बेतात मला तीन गोष्टी खुपतात.

पहिली म्हणजे मागचे दोन स्पीकर थेट स्टेजकडे, म्हणजे माईकच्या तोंडात बघतायत. बुवा जरा मागे सरकले, कुणी आवाज चढवला की शिट्टी सुरू. मग ऑपरेटर घाबरून आवाज खाली ओढणार आणि तक्रार जिथे होती तिथेच. स्पीकर नेहमी माईकच्या पुढे हवेत आणि माईककडे पाठ करून हवेत.

दुसरी, मागे बसलेल्याला बुवा समोर दिसतात आणि आवाज पाठीमागून येतो. पुढच्या स्पीकरचा आवाज वेगळ्या वेळी पोचतो तो आणखी वेगळाच. माणूस अर्ध्या तासात कंटाळतो, का ते त्याला सांगता येत नाही.

तिसरी, कोपऱ्यात लावला की स्पीकर गुरगुरायला लागतो. दोन भिंती आणि वरचा स्लॅब मिळून खालचे सूर फुगवतात. दुकानात डेमो ऐकताना 'वा, काय बेस आहे' असं वाटतं, कीर्तनात त्याच बेसखाली व्यंजनं गाडली जातात.

ता. क. ५०० वॅट कशाला? मंडळाचा हॉल आहे, नेहरू स्टेडियम नाही.

नाद_निनाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. थोडे आकडे घालतो, बैठकीत उपयोगी पडतील. इंदूरचाच आहे, पूर्वी भौतिकशास्त्र शिकवत होतो. प्रतिसाद लांबणार आहे, आधीच माफी.

आधी आत्ताचा त्रास समजून घेऊ. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पहिली रांग स्पीकरपासून ६ फुटांवर, शेवटची ४८ फुटांवर. ६ चे १२, १२ चे २४, २४ चे ४८, म्हणजे तीनदा दुप्पट, १८ डेसिबल. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट-निम्मा वाटतो, त्यावरून बघा. मागच्यांसाठी आवाज वाढवला की पुढच्यांचे कान फुटणारच. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

'पण मागे आवाज तर येतो!' हो, येतो. तो स्पीकरकडून सरळ येणारा नाही, भिंती-फरशी-स्लॅबवर आपटून आलेला आहे. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन या प्राध्यापकाला १८९५ साली एका व्याख्यानगृहाचं दुखणं निस्तरायला दिलं होतं, तिथेही बोललेलं कळत नव्हतं. शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून, पसरून, घड्याळ लावून त्याने घुमणं मोजलं. त्यातून सूत्र निघालं: हॉलचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि हॉलमधल्या एकूण शोषणाने (तेही चौरस मीटरमध्ये) भागा. आवाज ६० डेसिबल विरायला किती सेकंद लागतात ते उत्तर.

तुमचं घनफळ सुमारे ४७५ घनमीटर. गुणाकार ७६. कोटा, ऑइलपेंट, स्लॅब यांचं शोषण नगण्य. दारं, खिडक्या, स्टेजचा पडदा धरून २५ म्हणू. ७६ भागिले २५, म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये तीन सेकंद. बसलेला एक माणूस अर्ध्याच्या आसपास शोषण देतो. शंभर माणसं आली की ४५ ची भर, ७६ भागिले ७०, सेकंदाहून किंचित जास्त. आकडे ढोबळ आहेत, पण तीन आणि एक यांतला फरक ढोबळ नाही. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये 'हॅलो, माईक टेस्टिंग' करून काही ठरवू नका.

आता मुख्य मुद्दा. स्पीकरपासून एका ठरावीक अंतरावर सरळ आवाज आणि घुमणारा आवाज बरोबरीला येतात. तुमच्या हॉलमध्ये, साध्या डबा-स्पीकरला, रिकामं असताना ते अंतर पाच-सव्वापाच फूट, भरलेलं असताना साडेआठ-नऊ फूट. त्याच्या तिपटीपर्यंत बोलणं बरं समजतं असा अंदाज धरतात. म्हणजे भरल्या हॉलमध्ये २५-२६ फूट. तुमची शेवटची रांग ४८ वर. तिथे ५०० वॅट लावा नाहीतर ५०००, सरळ आवाज आणि घुमणं दोन्ही एकत्र वाढतात, प्रमाण तेच राहतं. वॅटने हे सुटत नाही, अंतराने सुटतं.

तेव्हा हॉलचे दोन भाग करा. पहिली जोडी दोन्ही लांब भिंतींवर, स्टेजच्या कडेच्या दोन-तीन फूट पुढे. दुसरी जोडी त्याच भिंतींवर तिथून २४ फूट मागे. चौघांची तोंडं मागच्या दाराकडे, जराशी आत वळलेली. प्रत्येक जोडी आपापल्या २४ फुटांपुरतीच जबाबदार.

उंची साडेआठ फूट ठेवा. पंख्याच्या पात्यांच्या वर जाऊ नका, आवाज पात्यांतून चिरत येतो आणि थरथरतो. नेम कुठे धरायचा? आपल्या भागातल्या शेवटच्या माणसाच्या डोक्यावर. भिंतीपासून हॉलची मधली रेघ १४ फूट. २० फूट पुढचा, मधल्या रेघेवरचा माणूस धरला तर स्पीकर भिंतीच्या दिशेपासून ३५ अंश आत वळतो. तिरपं अंतर २४ फूट. खुर्चीवरच्या माणसाचा कान ४ फुटांवर असतो, म्हणजे साडेचार फूट उतार, साधारण ११ अंश खाली. सतरंजीवर कान अडीच फुटांवर येतो, मग १४ अंश. दोन्ही चालवायचं असेल तर १२-१३ वर ब्रॅकेट आवळा.

यात गंमत अशी की अगदी भिंतीलगत, सात फुटांवर बसलेला माणूस स्पीकरच्या नेमाच्या बराच खाली राहतो. जवळ असल्यामुळे त्याला १०-११ डेसिबल जास्त मिळायला हवेत, पण तो नेमाबाहेर असल्याने सहाएक कापले जातात. फरक उरतो चार-पाच. आत्ताच्या १८ शी तुलना करा.

शंकासुर

लेख छान. पण निनाद सर, दोन जोड्यांनी एवढं सुधारत असेल तर चार जोड्या का नको? आठ स्पीकर, प्रत्येक जण सहा फुटांवर. मग तर प्रत्येकाच्या कानाशी स्पीकर.

आणि कंपनीच्या कागदावर '९० अंश' लिहिलेलं असतं त्याचं काय करायचं?

नाद_निनाद

शंकासुर, शंका रास्त आहे. हॉलमधला प्रत्येक स्पीकर घुमण्याला खाद्य देतो. तुमच्या जागेवर तुम्हाला उपयोगी असतात एक किंवा दोन, बाकीचे सहा तुमच्यापुरते नुसता गोंगाट. गादी-गालिचा-फॉल्स सीलिंगवाल्या मिटिंगच्या खोलीत छोटे छोटे खूप स्पीकर झकास चालतात. कोटा-ऑइलपेंटमध्ये हात आखडता घ्यावा.

९० अंशांचं असं: त्या रेषेपाशी आवाज संपत नाही, नेमापेक्षा ६ डेसिबलने उतरलेला असतो, इतकंच. पसरण्याचा हिशेब सोपा. ९० अंशांचा स्पीकर जितके फूट पुढे तितक्याच्या दुप्पट रुंदी झाकतो, १० फुटांवर २० फूट. ६० अंशांचा असेल तर १० फुटांवर साडेअकरा. पण हा कोन सगळ्या सुरांना सारखा नसतो. खालचे सूर चहूकडे पसरतात, 'स', 'श', 'च', 'ट' यांतला जो बारीक भाग असतो तो अरुंद झोतात जातो. नेमाच्या बाहेर बसलेल्याला आवाज कमी येत नाही, बोजड येतो. 'आवाज येतो पण शब्द येत नाहीत' याचं दुसरं कारण हे.

बडोदेकर_मावशी

मी यातली तज्ज्ञ नाही, पण आयुष्यभर मागच्या रांगेत बसलेली आहे, तेव्हा थोडा अधिकार मलाही आहे. 😀

आमच्या बडोद्याच्या भजनी मंडळाच्या खोलीत लांब भिंतीवर स्पीकर समोरच्या भिंतीकडे तोंड करून लावले होते. समोर गुळगुळीत भिंत. टाळी वाजवली की 'टर्रर्र' असं उमटायचं. तुमची एक भिंत कोरी आहे म्हणताय, ते बघा. टाळी वाजवून बघायला पैसे पडत नाहीत.

आणि डग्गा? या भिंतीवरच्या बारक्या स्पीकरमधून डग्गा ऐकू येतो का? बायकांचं भजन म्हणजे नुसते शब्द नव्हेत.

ग्वाल्हेरी_तार

मावशी, टाळीची चाचणी अगदी बरोबर. समोरासमोरच्या दोन कोऱ्या भिंतींत आवाज चेंडूसारखा आपटत राहतो. म्हणूनच तोंडं आडवी नकोत, लांबीच्या दिशेने हवीत. शिवाय लोकमान्यनगरकरांच्या पाच खिडक्यांकडे तोंड केलं तर अर्धं कीर्तन रस्त्यालाच ऐकवलं जाईल.

डग्ग्याचं म्हणाल तर पाच इंची स्पीकरमधून तो निघत नाही. आठ इंची, दोन भागांचा डबा घ्या. तसाही अशा हॉलमध्ये डग्गा माईकशिवायच भरपूर असतो. भजनात मला दिसतं ते हे की पेटीला माईक, तबल्याला माईक, टाळवाल्यांच्या मध्ये माईक, गाणाऱ्या चौघींना चार. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. दोनचे चार, चारचे आठ, गेले ६ डेसिबल. टाळांना माईक द्यायचा नसतो हो! आणि गाणाऱ्या बाईला सांगा, माईक एक फुटावरून अर्ध्या फुटावर आण. तेवढ्यानेच ६ डेसिबल फुकट मिळतात.

छप्पन_दुकान

हात जोडले. टाळ बिनमाईकचे. 🙏

पण वायरिंगचं सांगा कुणीतरी. चार स्पीकर एकाच अँप्लिफायरला जोडतात कसे?

ग्वाल्हेरी_तार

दोन रस्ते आहेत. घरगुती किंवा डीजेवाला ८ ओहमचा स्पीकर घेतला आणि चार समांतर जोडले तर अँप्लिफायरला २ ओहम दिसतात. बरेच अँप्लिफायर तिथे गरम होऊन मान टाकतात. दुसरा रस्ता १०० व्होल्ट लाइनचा. शाळा, मंदिरं, स्टेशनं सगळीकडे हीच पद्धत. प्रत्येक स्पीकरच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो आणि मागे ३०, १५, साडेसात वॅट अशा टॅप, म्हणजे स्पीकरने किती ताकद घ्यायची ते ठरवणाऱ्या जोडण्या असतात. हवी ती टॅप निवडायची, सगळे समांतर जोडायचे आणि टॅपांची बेरीज अँप्लिफायरच्या ताकदीच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायची. चार गुणिले १५, झाले ६०. शंभर-सव्वाशे वॅटचा अँप्लिफायर मजेत चालेल.

सांगायचं राहिलं, १०० व्होल्ट म्हणजे झटका बसतो. चालू असताना टोकं धरू नका. आणि जुना ८ ओहमचा डबा या लाइनवर कधीही 'तात्पुरता' जोडू नका, तो तात्पुरता कायमचा जातो.

खजिनदार_काका

मी याच मंडळाचा. धागा कुणीतरी पाठवला म्हणून सदस्य झालो. १५ वॅट प्रति स्पीकर? देणगीदार म्हणतील, मी एवढे पैसे दिले आणि तुम्ही बल्बाएवढे वॅट आणले. शिवाय त्यांची इच्छा आहे की स्पीकर मोठे, दिसण्यासारखे असावेत. मी त्यांना काय सांगू? मला समजेल अशा भाषेत लिहा.

नाद_निनाद

काका, नमस्कार. सरळ हिशेब देतो.

चांगल्या स्पीकरच्या कागदावर 'एक वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल' असं काहीसं असतं. २४ फूट म्हणजे ७.३ मीटर, तिथे पोचेपर्यंत १७ डेसिबल गळतात, उरतात ७३. तुमच्या हॉलमध्ये पंखे आणि रस्ता मिळून ५० ते ५५ चा गोंगाट धरा. बोलणं त्याच्या पंधराएक डेसिबल वर राहिलं की कान ताणावे लागत नाहीत. म्हणजे ७० हवेत. एका वॅटमध्येच काम झालं! पण बोलण्यात चढउतार असतात, बुवा मध्येच गर्जतात, त्यासाठी १२ डेसिबल हातचे ठेवायचे. १२ डेसिबल म्हणजे सोळा पट ताकद. आले आपण १५-१६ वॅटवर. आणि १०० चे २०० वॅट केले तर वाढ फक्त ३ डेसिबल, ती पटकन लक्षातही येत नाही.

उरलेले पैसे मागच्या भिंतीवर घाला. दोन इंच जाडीचं रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), लाकडी चौकट, वर सुती कापड. भिंत २८ बाय १२ आहे, दार सोडून दीडशे चौरस फूट झाकलं तरी शोषणात बाराची भर पडते. रिकामा हॉल तीन सेकंदांवरून दोनवर येतो. चाळीस माणसांच्या व्याख्यानाला पावणेदोनवरून एक पूर्णांक चारवर. माणसं कमी येतात तेव्हाच तुम्हाला त्याची जास्त गरज. देणगीदारांचं नाव त्या पॅनेलशेजारी पाटीवर घाला. स्पीकरवर नाव घालून ते कुणी मान वर करून वाचत नाही.

अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल लावा असं कुणीतरी नक्की सुचवेल. दोन्ही या कामाचे नाहीत.

खजिनदार_काका

पाटीचा मुद्दा उत्तम. तो मी माझा म्हणून मांडतो.

शंकासुर

काकांना शुभेच्छा. 😂

माझी पुढची शंका. पुढची जोडी आणि मागची जोडी एकाच वेळी वाजली तर मागच्या रांगेतल्या माणसाला जवळच्या स्पीकरचा शब्द आधी आणि पुढच्याचा नंतर येणार. त्यासाठी म्हणे डिले लावतात, म्हणजे मागच्या जोडीचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडतात. इथे लावायचा की नाही?

ग्वाल्हेरी_तार

लावायचाच. मी मोठ्या हॉलमध्ये लावल्याशिवाय काम सोपवत नाही. आवाज एक फूट चालायला ०.९ मिलिसेकंद घेतो. २४ फुटांना २१. त्यात आठ-दहा घाला, मागच्या जोडीला ३० मिलिसेकंद उशीर द्या. मग मागच्या माणसाला वाटतं आवाज स्टेजवरूनच येतोय, स्पीकर वाजतोय हे कळतच नाही.

नाद_निनाद

इथे मी थोडा वेगळा आहे. हेल्मुट हास या संशोधकाने १९४९ मध्ये हेच तपासलं होतं. तीसेक मिलिसेकंदांच्या आत मागोमाग आलेला तोच आवाज कान वेगळा धरत नाही, पहिल्यातच मिसळून टाकतो आणि दिशा पहिल्याची मानतो. उशिरा आलेला बराच मोठा असला तरीही. ५० च्या पुढे गेलं की बोलण्यात प्रतिध्वनी जाणवायला लागतो. इथे अंतर २१ चं आहे. डिले नसला तरी शब्द दुहेरी येणार नाहीत, फक्त आवाज स्टेजऐवजी बाजूच्या भिंतीवरून येतोय असं वाटेल. डिलेसाठी मागच्या जोडीला वेगळा अँप्लिफायर किंवा वेगळा चॅनल लागतो, खर्च वाढतो. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर मी आधी रॉकवूल घेईन. डिले पुढच्या वर्षी.

ग्वाल्हेरी_तार

स्टेजवरचा माणूस बोलतोय आणि भिंत बोलतेय यात फरक आहे सर. कीर्तनात बुवांकडे बघून ऐकायचं असतं. पण ठीक, निदान मागच्या जोडीची वायर आत्ताच स्वतंत्र ओढून अँप्लिफायरपर्यंत आणून ठेवा. नंतर केसिंग उखडायला लागू नये. यावर तरी एकमत?

नाद_निनाद

शंभर टक्के. तसंच करा.

मिनी_थिएटर

मध्येच घुसतो. माझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, १४ बाय ११, होम थिएटरचे मागचे दोन स्पीकर कुठे लावू? सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे.

नाद_निनाद

बसण्याच्या जागेपासून समोरची दिशा शून्य धरली तर दोन्ही बाजूंना साधारण ११० अंशांवर, कानाच्या जरा वर. सोफा भिंतीला टेकला असेल तर बाजूच्या भिंतींवर लावा, आणि जमलं तर सोफा फूटभर पुढे ओढा. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे बैठक जवळ आली आहे.

बडोदेकर_मावशी

एक घरगुती सूचना. भोकं पाडायच्या आधी ऐकून बघता येत नाही का? आमच्याकडे एकदा भिंतीला भोकं पडली की पुढचा अध्यक्ष येईपर्यंत जागा बदलत नाहीत.

ग्वाल्हेरी_तार

येतं की. दुकानदाराला सांगा, चार स्पीकर उंच ट्रायपॉडवर चढवून ठरलेल्या जागी उभे कर. चांगला दुकानदार करतो. माणसं भरून, पंखे चालू ठेवून ऐका.

ऐकायचं काय? गाणं नको. 'काच, कात, काठ, काप', 'सात, साठ, साप' असे शब्द उलटसुलट करून एकाने सपाट आवाजात वाचायचे, हॉलमध्ये ठिकठिकाणी बसलेल्यांनी कागदावर लिहायचे. 'सदुसष्ट, सदतीस, त्रेसष्ट, त्रेपन्न' हौजीसाठी घालाच. मग कागद जमवून कुठे काय चुकलं ते बघा. चुका एकाच कोपऱ्यात जमल्या तर तिथे नेम पोचत नाही. सगळीकडे विखुरल्या तर घुमणं जास्त आहे किंवा मिक्सरवर लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारं बटण, दाबलेलं नाही. भिंतीवर लावल्यावर खालचे सूर वाढतातच, ते बटण बोलण्याच्या माईकला दाबलेलं असू द्या.

अजून एक. हॉलच्या मधल्या रेघेवर, एका जोडीच्या बरोबर मध्ये उभं राहून बोलणं ऐका. आवाज समोर घट्ट येण्याऐवजी पोकळ, कुठून येतोय ते न कळणारा वाटला तर दोघांपैकी एकाच्या वायरी उलट्या जोडल्या आहेत.

लोकमान्यनगरकर

मंडळी, बैठक झाली. चार कोपरे रद्द. दोन जोड्या, १०० व्होल्ट लाइन, मागच्या जोडीची वायर स्वतंत्र. रॉकवूल मागच्या भिंतीवर, पाटीसकट. (पाटीची कल्पना काकांनी मांडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.) देणगीदार म्हणाले, 'शब्द कळले पाहिजेत, बाकी तुम्ही बघा.' आम्ही उगाच घाबरत होतो. शेजारच्या घरांचा विषयही निघाला. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांतच आहे आणि दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, तेव्हा हॉलबाहेर लावलेला जुना भोंगा उतरवायचं ठरलं. तो कुणी लावला होता हे आता कुणालाच आठवत नाही.

दुकानदारही समजूतदार निघाला, स्टँडवर चार स्पीकर लावून दिले. बायकांच्या भजनाच्या दिवशी, भरल्या हॉलमध्ये शब्द वाचले. पुढे आणि मध्ये कागद जवळजवळ स्वच्छ. मागे दाराच्या उजव्या हाताला बसलेल्यांनी मात्र 'काठ' आणि 'काच' यांची खिचडी केली. डाव्या हाताला नाही. का असेल?

ग्वाल्हेरी_तार

उजव्या मागच्या स्पीकरचा नेम बघा. ट्रायपॉड गर्दीत कुणीतरी ढकललेला असणार. दोरी लावून बघा, स्पीकरच्या मध्यापासून दोरी ताणली की ती ठरलेल्या माणसाच्या डोक्यावर उतरली पाहिजे.

लोकमान्यनगरकर

दोरी लावली. डावा बरोबर, उजवा पार मधल्या रेघेच्या पलीकडे बघत होता. शिवाय दार उघडं होतं आणि बाहेर चपलांपाशी गप्पा चालल्या होत्या. स्पीकर वळवून, दार लोटून पुन्हा वाचलं. आता 'काठ' नीट येतो. एका आजींनी 'साप'च्या जागी तिन्ही वेळा 'साफ' लिहिलं, पण त्या म्हणाल्या, मला तसंच लिहायचं होतं.

भोकं उद्या. भिंत नऊ इंची विटेची आहे, प्लॅस्टर जुनं, ठोकलं की काही ठिकाणी पोकळ वाजतं. एका स्पीकरचं वजन ब्रॅकेटसकट सहा किलोच्या आसपास. इलेक्ट्रिशियन म्हणतो, भोकात गिट्टी (स्क्रू धरणारी खुंटी) ठोकून स्क्रू मारतो, काही होत नाही.

ग्वाल्हेरी_तार

खाली माणसं बसणार आहेत, गिट्टीवर भरवसा नको. पोकळ वाजतं तिथलं प्लॅस्टर आधी फोडून भरून घ्या. अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) विटेत गेला पाहिजे, प्लॅस्टरमध्ये नाही आणि दोन विटांच्या सांध्यात तर नाहीच. शिवाय प्रत्येक स्पीकरला बारीक स्टीलची तार, ब्रॅकेटला नाही तर भिंतीत वेगळ्या हुकाला बांधलेली. ब्रॅकेट निसटला तर स्पीकर लोंबकळेल, पडणार नाही. नेम लागला की ब्रॅकेटच्या सांध्यावर मार्करने खूण करा, दिवाळीच्या रंगरंगोटीत स्पीकर उतरवतात आणि परत लावताना सगळे सरळ समोर बघायला लागतात.

खजिनदार_काका

तार आणि हुक यांचा खर्च कोणत्या खात्यात टाकू? डागडुजी की ध्वनी?

छप्पन_दुकान

काका, डागडुजीत टाका. ध्वनीत टाकलं तर पुढच्या बैठकीत कुणीतरी विचारेल, तार वाजते का.